लोंढे मास्तरांनंतरचा रविवार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि माझ्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका आदरणीय प्रतिभाताई निरगुडे; ‘संध्यादीप’ वाहिनीचे संचालक श्री. ओमप्रकाशजी चांडक, म्हणजे आपणा सर्वांचे ओमशेठ; व्यासपीठावर खुर्च्या मांडलेल्या असतानाही ‘आम्हाला खालूनच बरं दिसतं’ असे म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसलेले लोंढे ब्रास बँडचे सर्व ज्येष्ठ वादक; नाशिकच्या द्वारका चौकापासून मखमलाबादपर्यंतचे आणि थेट वणी-पेठेहून आलेले रसिक श्रोते; माझी आई आणि माझे वडील, अण्णा; आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते श्री. शमुवेल रत्नाकर लोंढे, ज्यांना या शहरात पूर्ण नावाने हाक मारलेली मी आज प्रथमच ऐकली, अशा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी साधना लहानू थेटे. ‘रविवारचा साज’ या आपल्या कार्यक्रमाचे निवेदन गेली चार वर्षे मी लिहिते. लिहिते, असे मुद्दाम म्हणते; ते बोलून दाखवण्याचे धैर्य नेहमी दुसऱ्या कुणीतरी केले आहे. म्हणून आजही मी कागद पाहून बोलणार आहे. मान वर केलेली दिसली नाही, तर मी ओळ शोधते आहे असे कृपया समजावे.

आज येथे अनेकांची भाषणे झाली. सर्वांनी मास्तरांना धन्यवाद दिले आणि आपापल्या जागी जाऊन बसले. मला मात्र तसे करता येणार नाही, कारण मला आज एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. तो प्रश्न कोणता, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते.

मास्तर या महिन्याच्या अखेरीस आपल्या मुलीकडे, वसईला, कायमचे राहायला जात आहेत. गेली दहा वर्षे दर रविवारी संध्याकाळी त्यांनी या शहराच्या घराघरांत हा कार्यक्रम पोहोचवला. त्यांच्यानंतर निर्माता कोण, हे ठरलेले नाही. ओमशेठ यांनी कोणताही कठोरपणा न दाखवता, पण व्यवहाराला धरून सांगितले आहे, ‘माणूस असला तर रविवारची वेळ तुमची. माणूस नसला तर मी फर्माइशी गाणी लावणार. रिकामा पडदा मला परवडत नाही.’ त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण पहिल्या रांगेतल्या या मंडळींना आता लग्नाच्या सुपाऱ्या फारशा मिळत नाहीत. वरातीपुढे ट्रकवरचे भोंगे आले. यांची वाद्ये आठवड्यातून एकदाच पेटीबाहेर निघतात, आणि तो दिवस रविवार असतो.

गेल्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी मला थांबवले आणि विचारले, “माझ्यानंतर तू करशील का?”

मी म्हणाले, “मास्तर, विचार करून सांगते.”

त्यावर ते म्हणाले, “एकट्यात सांगू नकोस. एकट्यात तू हळू आवाजात नाही म्हणशील आणि मला ऐकू येणार नाही. समारंभात सांग. तिथं माईक असतो.”

तेव्हा, सन्माननीय अध्यक्षा, हे माझे भाषण आहे आणि हेच माझे उत्तरही आहे. मी हे लिहायला बसले, त्या दिवशी ते उत्तर नकाराचे होते. ते का होते, हे समजण्यासाठी आधी हे पाहावे लागेल, की ज्या जागेवर मला बसायला सांगितले जात आहे तिथे कोण बसले होते.

मास्तरांचा जन्म याच शरणपूर भागातला. चर्चच्या बँडमध्ये ते लहानपणी कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखे छोटे पितळी फुंकवाद्य, शिकले, आणि मिसरूड फुटण्याच्या वयात ते कॉर्नेट पिशवीत घालून मुंबईला गेले. त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत संध्याकाळी जॅझ वाजत असे. सुटाबुटातले लोक नाचत असत, आणि वाजवणारे बहुतेक गोव्याकडचे असत. त्यांच्यात हा एक नाशिकचा मुलगा. त्याला त्यांची भाषा येत नव्हती, आणि त्यांना याची. मग हा मुलगा बोलायचा कसा? मास्तर सांगतात, “मी नोटेशन लिहून दाखवायचो. चार ओळी लिहिल्या की ते मान हलवायचे. भांडणंसुद्धा आम्ही नोटेशनमध्येच केली.”

अशा रीतीने ते अरेंजर झाले. हा शब्द मी कोशात शोधला तेव्हा ‘संगीत-संयोजक’ असा अर्थ सापडला, आणि त्याने माझे समाधान झाले नाही. मी मास्तरांनाच विचारले. ते म्हणाले, “चाल एकाची असते. ती कुणी वाजवायची, हे कुणीही सांगेल. त्या वेळी गप्प कुणी बसायचं, हे अरेंजर सांगतो.” आणि मग माझ्याकडे पाहून पुढे म्हणाले, “तुला तर अर्धी विद्या जन्मतःच आली आहे.”

पुढे ते स्वतःच एका हॉटेलच्या बँडचे प्रमुख झाले. त्या काळचे त्यांचे एक छायाचित्र प्रवेशद्वारापाशी लावलेले आहे. जाताना अवश्य पाहावे. पांढरा कोट, गळ्याला बो, आणि केस असे की आमच्या मखमलाबादच्या सिंधुबाई मघाशी ते पाहून म्हणाल्या, “अगं बया, मास्तरला केस होते?”

नंतर हॉटेलांची हौस ओसरली. एकेक बँड बंद झाला, आणि एकोणीसशे एकाहत्तर साली मास्तर नाशिकला परतले. द्वारकेजवळ एक मोडकळीला आलेला लग्नाचा बँड होता, तो त्यांनी चालवायला घेतला. कल्पना करा. काल ज्याच्यासमोर झुंबरे होती, तो आज भर उन्हात वरातीच्या पुढे, आणि मागे घोडा. लोक हसले असतील का? हसले. पण मास्तरांना त्याचे दुःख नव्हते. त्यांची अडचण निराळी होती. त्यांना अजून हॉटेलात असल्यासारखेच वाजवायचे होते.

वणीच्या एका लग्नात त्यांनी अतिशय संथ अशी एक रचना वाजवली. ती त्यांनी फार परिश्रमाने बसवली होती. नवरदेवाचे चुलते थोडा वेळ ऐकत राहिले, मग जवळ येऊन अगदी आदराने म्हणाले, “मास्तर, एक इचारू का? आमच्या घरी लगीन हाय. मयत शेजारच्या गल्लीत झालीया.”

मास्तर ही गोष्ट स्वतः सांगतात, आणि सांगताना चुलत्यांची बाजू घेतात. “त्यांचं बरोबर होतं,” ते म्हणतात. “मी समोर माणसं कोण आहेत ते बघितलं नव्हतं आणि मागं माणसं कोण आहेत तेही बघितलं नव्हतं.”

त्या दिवसापासून त्यांनी आपली पद्धत बदलली. रसिकहो, ही पद्धत नीट समजून घ्यावी अशी माझी प्रार्थना आहे, कारण माझ्या नकाराचे मूळ तिच्यातच होते. सर्वसाधारणपणे वादकाच्या कागदावर वरती वाद्याचे नाव लिहिलेले असते. मास्तरांच्या कागदावर माणसाचे नाव असते. ‘क्लॅरिनेट’ असे ते कधीच लिहीत नाहीत; ते ‘हबीब’ असे लिहितात. आणि मग त्या हबीबला जे येते, जे आवडते, जे झेपते तेवढेच त्या कागदावर उतरते.

समोर बसलेले हबीबचाचा हे या बँडचे क्लॅरिनेट. त्यांना दम्याचा विकार जडला. दुसऱ्या कुणी त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले असते. मास्तरांनी त्यांच्या तुकड्यात जागोजागी थांबे लिहिले. चाचांनी तिथे श्वास घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात ढोलाने दोन ठोके द्यायचे. ऐकणाऱ्यांना वाटले, काय ही ऐट! थांबावे तर असे. पुढच्या हंगामात जिल्ह्यातल्या इतर बँडवाल्यांनी त्या थांब्यांची नक्कल केली. त्यांच्या क्लॅरिनेटवाल्यांना दमा नव्हता, तरीसुद्धा.

सहादूबाबा सोनवणे. यांच्या हातात ते मोठे, पोटाशी धरायचे पितळी वाद्य असते. युफोनियम त्याचे नाव. पेठच्या घाटात जीप कलंडली आणि त्यांचे पुढचे दात गेले. फुंकीच्या वाद्याला ओठ जितके लागतात तितकेच दातही लागतात. बाबा वाद्य परत करायला गेले. मास्तर म्हणाले, “खालचे सूर निघतात का?” खालचे निघत होते. मग मास्तरांनी सगळा साज खाली ओढला. ज्यांनी तेव्हा ऐकले ते सांगतात, की बँडला खरा भारदस्तपणा तेव्हापासून आला. सहादूबाबा स्वतः याचे श्रेय जीपच्या चालकाला देतात.

आता मी दूरचित्रवाणीकडे वळते.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. घरोघरी केबलच्या तारा आल्या होत्या, आणि ओमशेठ यांनी आपली स्थानिक वाहिनी सुरू केली होती. मास्तरांचे वय तेव्हा निवृत्तीचे होते. ते ओमशेठ यांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, “मला रविवारची संध्याकाळ द्या.”

ओमशेठ म्हणाले, “मास्तर, टीव्हीवर बँड कोण बघणार? बँड तर लोकं दारात बघतात.”

“दारात कुणीच बँड बघत नाही,” मास्तर म्हणाले. “दारात नवरदेव बघतात. बँड अजून कुणी बघितलेलाच नाही.”

ओमशेठ, या वाक्याला आपण त्या दिवशी काय उत्तर दिलेत, ते मला कुणी सांगितले नाही. पण वेळ दिलीत, हे आम्ही सर्व जाणतो.

पहिल्या थेट प्रक्षेपणाची हकिगत तर या शहरात अनेकांना पाठ आहे. पण वणी-पेठेहून आलेल्या पाहुण्यांसाठी ती सांगितलीच पाहिजे. वरातीत आवाज इतका असतो की बोलून उपयोग नसतो, म्हणून बँडमध्ये खुणा असतात. मास्तरांनी मूठ वळली म्हणजे थांबायचे. मास्तरांनी टोपी उचलली म्हणजे नाचणाऱ्यांना अजून हवे आहे, मुखड्यापासून पुन्हा सुरू करायचे. आता स्टुडिओ म्हणजे काय, तर ओमशेठ यांच्या दुकानामागची खोली. तिच्यात मोठमोठे दिवे, आणि खिडक्यांना आवाज येऊ नये म्हणून गाद्या. गाणे संपत आले. मास्तरांना घाम फुटला. त्यांनी तो पुसण्यासाठी टोपी उचलली.

बँडने मुखडा पुन्हा धरला.

मास्तर गोंधळले. शिस्त अशी की मध्येच थांबवायचे नाही. ते शेवटाची वाट पाहत राहिले, आणि शेवट येईपर्यंत त्यांना पुन्हा घाम आला. तेच गाणे नाशिककरांनी त्या संध्याकाळी इतक्या वेळा ऐकले की जाहिराती राहून गेल्या आणि बातम्या उशिरा लागल्या. ओमशेठ काचेपलीकडून हात जोडत होते. सहादूबाबा सांगतात, “आम्हाला वाटलं, शेठ खूश होऊन नमस्कार करत्यात. म्हणून आम्ही अजून जोर लावला.”

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर लोक जमले. ओमशेठ यांना वाटले, तक्रार आली. लोक विचारत होते, “पुढच्या रविवारी तेच गाणं आहे का?”

एवढ्यावरून कुणाला वाटेल, की मास्तर नशिबाने निर्माते झाले. तसे नाही. त्यांनी बँडचीच पद्धत पडद्यावर आणली. जो समोर येईल त्याला काय येते ते आधी पाहायचे, आणि कार्यक्रम त्याच्या मापाने कापायचा. हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण एकदा समोर आलेली व्यक्ती मीच होते.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली माझे नाव दहावीच्या गुणवत्ता यादीत आले. प्रतिभाताईंनी मोठ्या अभिमानाने वाहिनीला कळवले. मास्तर कॅमेरा घेऊन आमच्या मळ्यावर आले. आमचा फुलांचा मळा आहे, आणि त्या दिवशी अंगणात शेवंतीचा ढीग पडला होता. मला खुर्चीवर बसवले. मास्तरांनी विचारले, “कसं वाटतंय?”

मला काहीही वाटत नव्हते. मला फक्त तो दिवा दिसत होता.

माझी आई, नवसाबाई, मदतीला धावली. “ती घरातसुद्धा बोलत नाही हो. पाणी हवं असलं तरी तांब्याकडे बघत बसते.” सिंधुबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, “मग पहिली आली कशी?” त्यावर आई म्हणाली, “परीक्षेत बोलायचं कुठं असतं?”

मास्तरांनी दिवा विझवायला सांगितला. कोनाड्यात एक लग्नपत्रिका पडली होती, ती त्यांनी मला दिली. म्हणाले, “तुला बोलता येत नाही ना, मग वाच. तुझ्याकडे कुणी बघणार नाही.” आणि कॅमेरा त्यांनी आईच्या हातांकडे वळवला. मी कुणा अनोळखी वधूवरांची पत्रिका, श्रीगणेशापासून आहेर स्वीकारले जाणार नाहीत इथपर्यंत, वाचली. पडद्यावर आई शेवंतीची माळ ओवत होती. गुणवंत विद्यार्थिनीची ती मुलाखत, जिच्यात विद्यार्थिनी दिसलीच नाही, या शहराने पाहिली. सिंधुबाई आजही म्हणतात, “पोरीचं तोंड दाखवायला काय पैसे पडत होते का?” पण मास्तरांनी दोन वर्षांनी मला बोलावून निवेदन लिहायला दिले. ते म्हणाले, “पत्रिकासुद्धा तू नीट वाचलीस. तुला वाक्य कुठं थांबतं ते कळतं.”

आता माझ्या नकाराचे कारण स्पष्ट होईल. जो माणूस दुसऱ्याचा श्वास मोजून सूर लिहितो, त्याच्या जागी बसायला किमान सूर तरी कळायला हवेत. मला ते कळत नाहीत. मला कॉर्नेट नीट धरता येत नाही. मी लिहू शकते. परंतु वाक्यांनी क्लॅरिनेट वाजत नाही. शिवाय निर्मात्याला माणसांशी बोलावे लागते, नाही म्हणणाऱ्याला राजी करावे लागते, उशिरा येणाऱ्याला रागवावे लागते. हे सर्व मला कसे जमावे? मी असा निर्णय घेतला की नम्रपणे नकार द्यावा, आणि तो देण्याआधी वादकांना कळवावा. ते त्यांच्या हक्काचे होते.

म्हणून या गुरुवारी मी द्वारकेच्या मागे, हबीबचाचांच्या घराच्या पडवीत, जिथे यांची तालीम चालते, तिथे गेले. मास्तर त्या दिवशी सामान बांधत होते, ते नव्हते. शकीलाचाचींनी चहा दिला. मी तो पुष्कळ वेळ हातात धरून ठेवला आणि शेवटी म्हणाले, “सहादूबाबा, मला हे काम जमणार नाही. मला काहीच वाजवता येत नाही.”

सहादूबाबा वाद्याला फडके मारत होते. “काहीच नाय?”

“नाही.”

“पिपाणीसुदिक नाय?”

“नाही, बाबा.”

“पुढं शिकशील?”

“वाटत नाही.”

“मग लय बरं हाय,” सहादूबाबा म्हणाले.

मला वाटले, ते माझी थट्टा करत आहेत. पण हबीबचाचा हसले नाहीत. बाबा त्यांना म्हणाले, “हबीब, सांग पोरीला.”

“मी कशाला? मास्टरजींना कळलं तर?”

“कळू दे. चालले आता वसईला.”

हबीबचाचांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवे ठेवले. “बेटा, तू इतकी वर्षं ऐकतेस. आमची चूक कधी ऐकलीस?”

मी प्रामाणिकपणे सांगितले, की कधीच नाही.

“कशी ऐकणार? आमच्यातला कुणी डगमगला, की मास्टरजी कॉर्नेट उचलतात. वरून असा सूर सोडतात, की खाली काय सांडलं ते कुणाला दिसतच नाही.”

“आई लेकराची ओली गोधडी घडी घालून ठेवती ना,” सहादूबाबा म्हणाले, “पाव्हणे यायच्या आत, तसं. मग लेकरू कशाला सुधारतंय? आम्ही पाठ करायचंच सोडलं. मास्तर हायेत की!” आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. “दोन वरसं झाली पोरी, मी मधला तुकडा वाजवतच नाय. नुसते गाल फुगवतो. टीव्हीत काय, गालच दिसत्यात.”

हबीबचाचा म्हणाले, “मला वाटलं मीच एकटा.”

सभागृह हसते आहे, आणि त्या दोघांनी माना खाली घातल्या आहेत. बाबा, चाचा, मला क्षमा करा. आपण मला हे समारंभात सांगू नकोस असे बजावले नव्हते, आणि याशिवाय माझे उत्तर पुरे होत नव्हते.

त्या दिवशी मी विचारले, “मग मी आले तर झाकणार कोण?”

“तेच तर म्हणतोय,” सहादूबाबा म्हणाले. “कुणी नाय. मग वाजवावंच लागंल. या वयात!” ते चिडल्यासारखे बोलत होते, पण एव्हाना त्यांनी वाद्य पोटाशी घेतले होते. त्यांनी इतरांकडे पाहिले आणि तो मधला तुकडा सुरू केला. कॉर्नेटशिवाय.

सन्माननीय अध्यक्षा, ते चांगले झाले नाही. मला संगीत कळत नाही, तरीही मला कळले, की मध्येच काहीतरी गळून पडले. वाचताना कुणी ओळ गाळली की कानाला जसे खटकते, तसे ते खटकले. ते थांबले. मी म्हणाले, “बाबा, तिथे काहीतरी राहिलं.”

“कुठं?”

मी कुठे ते सांगितले. म्हणजे, हाताने दाखवले. मला त्या जागेचे नाव माहीत नव्हते.

सहादूबाबा हबीबचाचांकडे वळून म्हणाले, “ऐकू येतंय तिला.” आणि त्यांनी तो तुकडा पुन्हा घेतला. पुन्हा चुकला. पुन्हा घेतला. शकीलाचाची दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आज काय झालंय? आज तुम्ही सगळे एकदम वाजवताय!”

मास्तर, मी आता आपल्याशी बोलते आहे. गौरवाच्या दिवशी गौरवमूर्तीचा दोष सांगू नये, असा संकेत आहे आणि तो मला ठाऊक आहे. आपण सहादूबाबांच्या दातांसाठी सबंध साज खाली आणलात, हबीबचाचांच्या श्वासासाठी थांबे लिहिलेत, माझ्यासाठी दिवा विझवलात. प्रत्येकाला जे येत नाही ते आपण त्याला कधी करू दिले नाहीत. आम्ही सर्व आपल्या आडोशाला अतिशय सुखात होतो. पण आपल्या कॉर्नेटखाली ही मंडळी हळूहळू गप्प होत गेली, आणि हे गप्प बसणे आपण लिहिलेले नव्हते. आपल्याला हे ठाऊक होते का?

मास्तर हसत आहेत. काय म्हणालात, मास्तर? मागे ऐकू आले नसेल, म्हणून मी सांगते. मास्तर म्हणत आहेत, ‘दोन नाही, तीन वर्षं झाली गाल फुगवून.’

म्हणजे आपल्याला ठाऊक होते! आणि तरीही आपण ही जागा एखाद्या वाजवणाऱ्याला दिली नाहीत. मला विचारलेत, जिला पिपाणीसुद्धा येत नाही. मला आता काही विचारायचे उरले नाही. हा कागद मी खाली ठेवते. पुढचे मी लिहून आणलेले नाही.

माझे उत्तर होकाराचे आहे. मी करीन.

आई, तू रडू नकोस. आणि अण्णा, रविवारी संध्याकाळी फुलबाजारातून परतताना मला घ्यायला यावे लागेल.

ओमशेठ, मी आपल्याकडे निर्माती म्हणून पहिल्यांदाच काही मागते आहे. रविवारची वेळ आम्हाला द्या. पहिले काही रविवार ऐकायला कठीण जातील. मधला तुकडा चुकेल. तो चुकेल तेव्हा त्यावर कुणी सूर टाकणार नाही, आणि मी कॅमेराही दुसरीकडे वळवणार नाही. ज्याची चूक झाली तो थांबेल आणि पुन्हा वाजवेल. लोकांना ते बघू द्या. दिवाळीपर्यंत मुदत द्या. त्यानंतरही जमले नाही, तर फर्माइशी गाणी आपण खुशाल लावा. मी स्वतः त्यांचे निवेदन लिहून देईन. ओमशेठ मान हलवत आहेत. प्रतिभाताई, आपण अध्यक्षा आहात, ती कोणत्या दिशेला हलली हे आपण पाहिले असेलच. धन्यवाद.

मास्तर, वसईला आमची वाहिनी दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. एका अर्थाने ते बरेच आहे. आपल्याला दिसली असती, तर आपण तिथून कॉर्नेट उचलले असते.

माझे बोलणे फार लांबले. आपण सर्वांनी ते शांतपणे ऐकून घेतलेत, अध्यक्षांनी घंटी हाताशी असूनही वाजवली नाही, आणि वादकांनी आपली गुपिते भर सभेत उघडी होऊनही मला उठून थांबवले नाही, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. हे सभागृह देणाऱ्या मंडळींचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आणि आजच्या हारांसाठी पहाटे फुले तोडणाऱ्या माझ्या घरच्यांचेही आभार.

माझ्या बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाविषयी अधिक-उणे बोलले गेले असेल, तर आजच्यापुरते ते पोटात घालावे. रविवारपासून ज्या चुका होतील त्या मात्र कृपा करून पोटात घालू नका. वाहिनीवर दूरध्वनी करा आणि सांगा. तो मी उचलीन.

नमस्कार.